चोरीला गेलेले खाते परत मिळवताना

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी दोन यंत्रमाग आहेत. मामंजींच्या काळात तयार साड्या शहापुरातील व्यापाऱ्याकडे जात असत आणि तो देईल तो भाव घ्यावा लागे. २०१९ साली मी आणि माझ्या जावेने इन्स्टाग्रामवर साड्यांचे खाते उघडले, तेव्हापासून निम्म्याहून अधिक माल थेट गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, म्हापसा अशा तीन राज्यांतल्या गावांतून बायका आमच्याकडून साड्या मागवतात. हे खाते २०२५ च्या श्रावणात, गौरी-गणपतीची मागणी सुरू होण्याच्या ऐन वेळी, फिशिंगमुळे आमच्या हातून गेले. पुढे ते परत मिळाले. त्या काळात कोणती कचेरी काय मागते, कोणते काम कशावाचून अडते आणि कोणते मुळीच अडू देऊ नये, हे आम्हाला चाचपडतच शिकावे लागले. ते जसे घडले तसे येथे लिहिले आहे.

४ ऑगस्टला दुसरा श्रावणी सोमवार होता. घरची मंडळी कपिलेश्वराचे दर्शन घेऊन परतली आणि जाऊ उपवासाचे ताट वाढत असताना फोनवर एक संदेश आला. पाठवणाऱ्याच्या नावात ‘मेटा सपोर्ट’ (मेटा ही इन्स्टाग्रामची मालक कंपनी) असे शब्द होते आणि चित्रात निळे बोधचिन्ह होते. तुमच्या एका व्हिडिओतील गाण्याविषयी स्वामित्वहक्काची तक्रार आली आहे, हरकत नोंदवली नाही तर २४ तासांत खाते बंद होईल, असा मजकूर होता आणि खाली हरकतीच्या अर्जाचा दुवा होता. आम्ही साडीच्या व्हिडिओला चित्रपटातील गाणे जोडलेले होतेच, त्यामुळे तक्रार खरी वाटण्यासारखी होती. अर्जाचे पान हुबेहूब इन्स्टाग्रामसारखे दिसत होते. पत्त्यात ‘इन्स्टाग्राम’ हा शब्दही होता, परंतु तो मधोमध होता आणि पत्त्याचा शेवट भलत्याच नावाने होत होता. जावेने पासवर्ड भरला. त्यानंतर पानाने सहा अंकी कोड मागितला आणि तो कोड खरोखरच आमच्या फोनवर एसएमएसने आला, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

यामागची युक्ती पुढे सायबर ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने उलगडून सांगितली. खोट्या पानावर भरलेला पासवर्ड चोर त्याच क्षणी खऱ्या इन्स्टाग्रामवर भरतो. खरे इन्स्टाग्राम खऱ्या मालकाच्या फोनवर खरा कोड पाठवते. आणि मालक तो कोड पुन्हा खोट्याच पानावर भरतो. म्हणजे एसएमएसवर येणारा कोड चालू ठेवलेला असला, तरी या प्रकारच्या चोरीत त्याचा उपयोग होत नाही. पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्या कुलपाने किंवा बोटाच्या ठशाने चालणारी किल्ली, मात्र ज्या संकेतस्थळासाठी तयार केली त्याच पत्त्यावर चालते, खोट्या पानावर ती पुढे येतच नाही. म्हणून आमच्या जीमेलला आता आम्ही पासकी लावली आहे. खरा संदेश ओळखण्याचा सोपा मार्गही त्याच कर्मचाऱ्याकडून समजला. इन्स्टाग्राम खात्याविषयी थेट संदेश पाठवत नाही, आणि त्याने पाठवलेल्या ईमेलची यादी ॲपच्या पासवर्ड व सुरक्षा या भागात पाहता येते. त्या यादीत नसलेले पत्र खोटे समजावे.

रात्री दहाच्या सुमारास ॲप आपोआप बंद झाले आणि पुन्हा उघडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुरिअरच्या पावत्यांसाठी ठेवलेला ईमेल उघडला, तेव्हा ‘सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम’ या पत्त्यावरून रात्रीच आलेले पत्र दिसले. तुमच्या खात्याचा ईमेल बदलला आहे, हा बदल तुम्ही केला नसेल तर येथे दाबा, असे त्यात लिहिले होते. आम्ही दाबले तोवर चोराने मोबाइल क्रमांक काढून टाकून कोड देणारे स्वतःचे ॲप जोडून ठेवले होते, त्यामुळे त्या दुव्याने काम भागले नाही. ज्यांचे खाते धंद्यासाठी आहे, त्यांनी खात्याला जोडलेला ईमेल रोज उघडला जातो असाच ठेवावा, कारण हे पत्र वेळेत वाचले गेले तर बरेच पुढचे टळू शकते.

त्याच सकाळी चंदगडहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. “वहिनी, पैसे पोचले का? पावती आली नाही म्हणून विचारते,” असे त्या म्हणाल्या. आमच्या खात्यावर रात्रीपासून ‘श्रावण सेल’ चालू होता. आमच्याच साड्यांचे फोटो, निम्मी किंमत आणि खाली क्यूआर कोड. त्यांनी दोन साड्यांचे ४,२०० रुपये भरले होते. आम्ही नेहमी निम्मी रक्कम आगाऊ आणि तीही यजमानांच्या नावावरील खात्यातच घेतो, हे त्यांना ठाऊक होते; पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर अनोळखी नावही दिसले होते, पण सेलची गडबड असेल असे त्यांनी धरून चालले. दुपारपर्यंत असेच आणखी फोन आले आणि पाच जणींचे मिळून १९,६०० रुपये गेल्याचे स्पष्ट झाले.

येथे एक गोष्ट ताबडतोब कळून घ्यावी लागली. खाते माझे असले तरी पैसे ज्यांचे गेले, त्यांनीच स्वतः सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार करायची असते. माझी तक्रार त्यांच्या तक्रारीची जागा घेऊ शकत नाही. हा क्रमांक देशभर एकच आहे, त्यामुळे चंदगडच्या बाईंची तक्रार महाराष्ट्रात, खानापूरच्या बाईंची कर्नाटकात आणि म्हापशाच्या बाईंची गोव्यात, अशी ज्या त्या राज्यात नोंदली गेली. फोन लावण्यापूर्वी आपल्या बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, असे मी प्रत्येकीला सांगितले. त्यानंतर एसएमएसने आलेला क्रमांक घेऊन ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर उरलेली माहिती भरावी लागते. ही घाई पैशांसाठी असते, कारण चोराच्या बँकेत पैसे पडून असतील तोवरच ते रोखता येतात. चंदगडच्या बाईंनी फोन ठेवल्याबरोबर १९३० लावला आणि त्यांचे ३,१०० रुपये पुढच्या खात्यात जाण्याआधी अडकले. ज्यांनी ‘संध्याकाळी यजमान आल्यावर बघू’ असे म्हटले, त्यांचे काहीच अडकले नाही.

दुपारी आम्ही व्हॉट्सॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निरोप पाठवला, ओळखीच्या लोकांना आमचे खाते ‘हॅक झालेले’ म्हणून रिपोर्ट करायला सांगितले आणि ७ ऑगस्टच्या एका स्थानिक मराठी दैनिकात छोटे जाहीर निवेदन दिले. त्याला ९०० रुपये लागले. वर्तमानपत्रातील निवेदन कोण वाचते, असे जावेला वाटत होते. परंतु त्याचे कात्रण पुढे प्रत्येक अर्जाला जोडता आले आणि आम्ही लोकांना कधी सावध केले याची तारीख त्यावर छापील मिळाली.

माझी स्वतःची तक्रार त्याच पोर्टलवर, परंतु आर्थिक फसवणुकीखाली न करता समाजमाध्यमांच्या गुन्ह्यांतील ‘प्रोफाइल हॅकिंग किंवा ओळख चोरी’ या प्रकाराखाली केली. शुल्क काही नाही. घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे लागते आणि त्यात काही चिन्हे चालत नाहीत. ईमेल पत्त्यातील चिन्हामुळे अर्ज परत परत अडत होता, हे लक्षात यायला बराच वेळ गेला. मजकूर आधी वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवावा, नाही तर सत्र संपले की सगळे पुन्हा टंकावे लागते. खात्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे दुवा, नीट उतरवून द्यावा. चोर नाव बदलतात आणि मग नुसत्या नावाने खाते सापडत नाही.

पोर्टलवरची पोच हातात आल्यावर ७ ऑगस्टला मी पोलीस ठाण्यात गेले. आमच्या भागातील ठाण्यात सांगण्यात आले की, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि त्यासाठी वेगळे ठाणे आहे. कर्नाटकात हे ठाणे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे एकत्र पाहणारे म्हणून ‘सीईएन’ या नावाने लोकांना माहीत आहे. बेळगावात शहराचे पोलीस आयुक्तालय वेगळे आणि जिल्हा पोलीस वेगळे असल्यामुळे, आपला पत्ता शहरात येतो की तालुक्यात, हे आधी पाहून निघावे. खानापूर किंवा हुक्केरीकडच्या माणसाने शहराच्या ठाण्यात जाऊन अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही.

अर्ज मी इंग्रजीत लिहून नेला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळख चोरीचे ६६सी आणि तोतयेगिरीने फसवणुकीचे ६६डी, या दोन्ही कलमांचा उल्लेख केला होता. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. खरी अडचण जोडपत्रांची झाली. चोराने आमच्या गिऱ्हाइकांशी केलेले संभाषण मराठीत होते आणि टेबलामागच्या कर्मचाऱ्याला मराठी बोललेली समजत असली तरी वाचता येत नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे सीमाभागात राहणाऱ्या आम्हा लोकांना चांगलेच पाठ आहे. परंतु त्या आठवड्यात मला हक्कापेक्षा अर्जावरचा शिक्का अधिक निकडीचा होता. शेजारच्या अक्का कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी आमच्या ओट्यावर बसून प्रत्येक स्क्रीनशॉटखाली दोन ओळींत कन्नड सारांश लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद पाहून अर्ज लगेच दाखल झाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतला. पुढे कचेरीकडून जे लेखी उत्तर मिळते, त्याला इकडे सगळे ‘हिंबरह’ म्हणतात. ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून मागावे. रंगीत प्रती, पेनड्राइव्ह आणि रिक्षा धरून या सगळ्याला हजाराच्या आतबाहेर खर्च आला. पेनड्राइव्हमधील पुरावा न्यायालयात जायचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे तेथेच कळले. मूळ संदेश ज्या फोनवर आले, तो फोन म्हणूनच आम्ही विकला नाही आणि रीसेटही केला नाही.

इन्स्टाग्रामकडून खाते मिळवण्याचे काम या सगळ्याच्या जोडीने चालूच होते, आणि ते पोलिसांच्या कागदांसाठी थांबवण्याचे कारण नसते. ‘इन्स्टाग्राम डॉट कॉम’ पुढे तिरकी रेघ देऊन ‘हॅक्ड’ असे लिहिले की मदतीचे पान उघडते. ज्या खात्यात मालकाचे फोटो असतात, त्याला मान डावी-उजवीकडे वळवून चेहऱ्याचा व्हिडिओ द्यावा लागतो आणि तो फोटोंशी ताडून पाहतात. आमच्या खात्यात नुसते काठ आणि पदर. माझा किंवा जावेचा चेहरा सहा वर्षांत एकदाही आलेला नव्हता, कारण घरात ते कोणाला आवडलेही नसते. अशा खात्याला दुसरा मार्ग असतो. खाते उघडताना दिलेला ईमेल किंवा मोबाइल क्रमांक आणि तेव्हा वापरलेल्या उपकरणाचा प्रकार, एवढे विचारतात. आम्ही सध्याचा ईमेल दिला आणि ओळख पटली नाही असे उत्तर आले, जे योग्यच होते, कारण २०१९ साली खाते माझ्या भाच्याने त्याच्या ईमेलवर, त्याच्या फोनवरून उघडून दिले होते. तो आता पुण्याला नोकरीला आहे. त्याने जुन्या पत्रपेटीत शोध घेऊन खाते उघडल्याच्या दिवशीचे स्वागताचे पत्र काढले, तेव्हा कुठे खरा पत्ता कळला. ज्यांचे खाते आज सुखरूप आहे, त्यांनीही ते कोणत्या ईमेलने आणि कोणत्या फोनवर उघडले, हे घरच्या वहीत लिहून ठेवावे. नवा अर्ज आम्ही घरच्याच वायफायवरून आणि पूर्वी रोज वापरात असलेल्या फोनवरून केला.

८ ऑगस्टला आणखी एक अर्ज केला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्या वेळच्या नियमानुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा होता, आणि तोतयेगिरीच्या मजकुरावरील कारवाईसाठी २४ तासांची मुदत होती. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. ते ‘जीएसी डॉट गव्ह डॉट इन’ वर विनाशुल्क आणि पूर्णपणे ऑनलाइन होते. आम्हाला अपिलापर्यंत जावे लागले नाही, पण त्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्यामुळे रोज काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ठरलेले राहिले. मधले दिवस जड गेले, हे कबूल करते. मागावर गौरीसाठी घातलेला माल उतरत होता आणि तो दाखवायला जागा नव्हती. दुवा कोणी दाबला, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मामंजींनी ती थांबवली, ते बरे केले.

याच काळात दुसरी टोळी येते, तिच्याविषयी सांगायला हवे. खाते गेल्याचे कोठेही जाहीर लिहिले की त्याखाली ‘माझे खाते अमक्याने परत मिळवून दिले, त्यांना संपर्क करा’ असे शेरे येऊ लागतात. एकाने ५,००० रुपये मागितले आणि वर आमचा ईमेलचा पासवर्डही मागितला. स्वतः चोराने व्हॉट्सॲपवर १५,००० रुपयांत खाते परत देण्याची तयारी दाखवली. दोघांनाही उत्तर दिले नाही. संदेश मात्र क्रमांकासह जपून पोलिसांच्या अर्जाला जोडले.

२१ ऑगस्टला दुपारी पासवर्ड बदलण्याचा दुवा आला आणि खाते उघडले. चतुर्थी २७ तारखेला होती. पहिला मोह सेलच्या त्या जाहिराती पुसून टाकण्याचा होतो. त्याआधी त्यांचे, चोराने जोडलेल्या ईमेलचे आणि लॉगिन झालेल्या उपकरणांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नंतर सगळीकडून लॉगआउट केले, कोड देणारे ॲप आमच्या फोनवर बसवले आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवले. अकाउंट्स सेंटरमध्ये, म्हणजे मेटाची खाती एकमेकांना जोडण्याच्या भागात, चोराने स्वतःचे एक खाते आमच्या खात्याशी जोडून ठेवलेले आढळले. ते राहिले असते तर पासवर्ड बदलूनही त्याला आत येण्याची वाट मोकळी राहिली असती. संदेशांची पेटी जवळजवळ रिकामी होती आणि गौरीच्या निम्म्या मागण्या तिच्यातच होत्या. त्यानंतर ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांची नावे तीत ओळीने होती. त्यांनी सेलच्या जाहिरातीखाली ‘ही फसवणूक आहे, वहिनींना फोन करून विचारा’ असे लिहिले होते, म्हणून चोराने एकेकीला बाहेर काढले होते. जाऊ एकेक नाव वाचत होती आणि मी ते मोकळे करत होते. निपाणीच्या एका आजींनी तर नातवाच्या खात्यावरूनही लिहिले होते, कारण नातूही त्या यादीत होता.

राहिला प्रश्न पाच जणींच्या पैशांचा. कायद्याने ते आम्ही देणे लागत नव्हतो. माझे मत असे होते की, भरपाई देऊ केली तर चूक आमची होती असा अर्थ निघेल आणि उद्या कोणीही खोटी पावती घेऊन येईल. मामंजींचे म्हणणे वेगळे होते. गिऱ्हाइकाने पैसे क्यूआर पाहून भरले नाहीत, आपल्या मागाचे नाव पाहून भरले, असे ते म्हणाले. शेवटी ज्यांच्याकडे १९३० च्या तक्रारीचा क्रमांक होता, त्या पाचही जणींना आम्ही सूत आणि विणाईच्या खर्चात साड्या दिल्या. हे सर्वांनी करावे असे मी म्हणणार नाही. आमचे गणित लहान होते म्हणून जमले.

चंदगडच्या बाईंच्या अडकलेल्या पैशांसाठी त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि नोव्हेंबरमध्ये आदेश होऊन ३,१०० रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले. त्यासाठी तक्रारीची पोच, बँकेचा उतारा आणि रक्कम रोखल्याचे पत्र लागले. बाकी चौघींचे पैसे मिळालेले नाहीत. क्यूआर ज्याच्या नावावर होता, त्याचे बँक खाते दूरच्या एका राज्यात निघाले आणि ते भाड्याने दिलेले असावे असा पोलिसांचा अंदाज आहे. माझी तक्रार पोर्टलवर अजून तपासाधीन दिसते.